एकशे अठ्ठावन्न पौंड

नलू, बाकी सगळं नंतर. आधी एवढंच सांग, माझं वजन तुला कुणी सांगितलं?

तू गेलीस त्याला आज सहा आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय आणि सोबत एक तक्ताही पाठवलाय. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, अमेरिकेत कधी आली. तो तक्ता मी वसंतरावांकडे दिला. ते तुझे नवरे, त्यांना तारखा ठाऊक असणार. मला तुझ्याशी बोलायचंय ते एका पिवळ्या कागदाबद्दल. तुझ्या तळघरात, बॉयलरच्या मागे, नव्या कोऱ्या स्कीच्या जोडीला प्लास्टिकच्या पिशवीतून बांधलेला स्कीच्या दुकानाचा कागद. त्यावर नाव नाही, सही नाही. पण वजनाच्या चौकटीत तुझ्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, एकशे अठ्ठावन्न. हा आकडा अख्ख्या अमेरिकेत दोघांनाच माहीत होता, मला आणि आमच्या बाथरूममधल्या काट्याला.

माधवची मी रीतसर चौकशी केली. तो म्हणाला, "शरयू, मला तुझा वाढदिवस लक्षात राहत नाही, वेट कुठून राहणार?" माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे, म्हणून त्याला सोडून दिलं. मग माझ्या डॉक्टरांच्या ऑफिसातली ती गप्पिष्ट बाई आठवली. पण तिथे मी काट्यावर उभी राहिल्यावर डोळे मिटून घेते आणि तिला आकडा मोठ्यानं वाचू देत नाही, हे तुलाही माहीत आहे.

तू मला शंकासुर म्हणायचीस. म्हण. चौदा वर्षं मी वूस्टरच्या कारखान्यात बाहेर जाणारा माल तपासते. डब्यावर जे लिहिलंय ते खरं मानायचं नाही, हेच माझं काम. तुझं काम उलटं. हॉस्पिटलमध्ये पाय गेलेल्या, कंबर मोडलेल्या माणसांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून उभं करायचं, आणि 'तुम्ही चालणार' असं त्यांना बेधडक सांगायचं. मी एकदा विचारलं होतं, "आणि नाही चालले तर?" तू म्हणालीस, "तर मी खोटी ठरते. त्यात त्यांचं काय जातं?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू सहज, हसत, समोरच्याच्या भल्यासाठी खोटं बोलू शकतेस.

आपण दोघी या स्कीच्या भानगडीत पडलो ते माझ्या लेकीमुळे, मेधामुळे. श्रूजबरीच्या तिच्या शाळेचा स्की क्लब, जानेवारी-फेब्रुवारीतले सहा शुक्रवार, बसमधून मुलांबरोबर जायला पालक हवे होते. जे जातील त्यांना शिकवणी फुकट. मी जाणार नव्हतेच. तूच परस्पर दोघींची नावं देऊन आलीस. आपलं वय तेव्हा चाळीस. मंडळात बातमी पसरली तेव्हा कुणीतरी म्हणालंच, की या वयात हाडं मोडून घ्यायची हौस कशाला. तू उत्तर दिलंस, "मोडलेली हाडं चालवणं हाच माझा धंदा आहे, काळजी नको."

पहिल्या शुक्रवारी भाड्याच्या स्की घ्यायला आपण रांगेत उभ्या होतो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे ओढला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वेट?" माझ्या बरोबर मागे जोगळेकर काका, मंडळाचे त्या वर्षीचे अध्यक्ष, नातीला घेऊन उभे. मी म्हटलं, "वन थर्टी फाइव्ह." तू माझ्याकडे वळून पाहिलंस. नंतर बाकावर बसून माझ्या बुटाच्या कड्या लावताना एवढंच म्हणालीस, "शरू, अगं त्या मुलीला काय करायचंय तुझं वजन? ते त्या खटक्याला लागतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकदा सांगितलेला आकडा मग बदलता येईना. पुढच्या शुक्रवारी तीच मुलगी, तोच फॉर्म. दुसऱ्या दुकानात गेले तरी मागे कुणी ना कुणी आपल्यातलं उभं असल्यासारखं वाटायचं. चार हिवाळे मी एकशे पस्तीसच राहिले.

आता ज्यांनी कधी स्की पायात घातली नाही त्यांच्यासाठी सांगते. बूट स्कीवर एका खटक्यानं धरलेला असतो. पडताना पाय पिरगळला जाऊ नये म्हणून तो खटका वेळेवर सुटावा लागतो. तो किती घट्ट ठेवायचा, हे दुकानदार तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती जोरात जाता यावरून ठरवतो. वजन कमी सांगितलंत तर खटका सैल लागतो, आणि जरा जोरात वळलात की बूट सुटून मोकळा. हा तक्ता प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर असतो. मी तो नीट वाचला होता. त्यातली एक छपाईची चूकही मी दुकानदाराला दाखवून दिली होती. पण माझी स्की दर चौथ्या वळणाला का निघते, हे मात्र मी चार वर्षं खटक्याच्या कंपनीला, दुकानाला, भाड्याच्या मालाला आणि एकदा तर थंडीला विचारत राहिले.

आणि दर वेळी तू वर चढून यायचीस. पुढे निघून गेलेली असलीस तरी थांबायचीस, स्की आडव्या करून एकेक पाऊल चढत यायचीस, माझी सुटलेली स्की शोधून आणायचीस, माझ्या काखेखाली हात घालायचीस. "एक, दोन, ऊठ." तुझ्या पेशंटला म्हणत असशील तसं. मी उठायचे आणि कपडे झटकत म्हणायचे, "या खटक्यांत काहीतरी काळंबेरं आहे." तू म्हणायचीस, "असेल बाई."

त्या 'असेल बाई'वर मी तेव्हाच शंका घ्यायला हवी होती.

मग आपण स्वतःची स्की घ्यायचं ठरवलं आणि आपला तो वाद सुरू झाला. माझं म्हणणं सरळ होतं. डोंगरावर दोन तऱ्हेचा बर्फ असतो. एक, मशीन फिरवून दाबून सपाट केलेल्या वाटेवरचा. आपल्या न्यू इंग्लंडमध्ये सकाळी दहापर्यंत तो काच होतो. रेडिओवर बर्फाची बातमी देणारा माणूस त्याला 'पॅक्ड पावडर', म्हणजे दाबलेला मऊ भुगा, म्हणतो, त्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. या बर्फावर ताठ, कडा धरणारी स्की लागते. दुसरा बर्फ वाटेच्या बाहेरचा, झाडांमधला, जसा पडला तसा. तिथे लागते मऊ, वाकणारी, थोडी रुंद स्की. आणि मी झाडांत जाणार नाही, तेव्हा मला पहिली पुरे. विषय संपला.

तुझा कुठे संपायला! "एकच जोडी घ्यायची, दोन्हीकडे चालेल अशी." मी म्हणायचे, "दोन्हीकडे चालणारी म्हणजे दोन्हीकडे अर्धी." तू म्हणायचीस, "मग आपण काय आहोत?" मी म्हणायचे, "विषय बदलू नकोस."

रूट नाइनवरच्या त्या दुकानात आपण किती शनिवार घालवले! मी कारखान्यातली स्टीलची पट्टी न्यायचे. स्कीच्या तळावर ती उभी धरून उजेडाकडे बघायचं. खालून उजेड दिसला, तर तळ सपाट नाही. कडेवर नख घासायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला, तर धार आहे. बुटाखालची रुंदी मोजायला मी व्हर्निअर कॅलिपर बाहेर काढला, तेव्हा तो दाढीवाला विक्रेता म्हणाला, "मॅम, आर यू फ्रॉम द गव्हर्नमेंट?" तू हसून हसून ग्लोव्हजच्या मांडणीवर कोसळलीस. मासिकातल्या चाचण्यांवर माझा भरवसा नव्हता, कारण ज्या पानावर स्तुती त्याच्या समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात. दाढीवाल्यावर नव्हता, कारण तो प्रत्येक स्कीला 'फर्गिव्हिंग' म्हणायचा. त्या शब्दाचा मला राग यायचा. तुला तो आवडायचा. "चुका माफ करणारी. शरू, अशी स्की मिळाली तर तू तिच्यावरही डाउट घेशील." चार वर्षं घोळ घालून आपण दोघींनी फक्त बूट घेतले, आणि तू तुझी स्वतःची एक जोडी. माझी काही ठरेना. मी भाड्याच्या स्कीवर पडत राहिले.

व्हरमाँटच्या त्या डोंगरावर, माणसांना वर नेणाऱ्या तिसऱ्या लिफ्टच्या, त्या पाळण्यांच्या, डाव्या हाताला, बर्चच्या झाडांमधून जाणारी ती सोडून दिलेली जुनी वाट. तिथे मशीन जात नाही. तू तोंडाशी उभी राहून मला विचारायचीस, "येतेस?" मी म्हणायचे, "तू जा, मी खाली थांबते." मग मी सपाट वाटेनं वळसा घालून, तू जिथून बाहेर पडायचीस तिथे जाऊन उभी राहायचे. पाच-सात मिनिटं. त्या पाच मिनिटांत मी तुला दर वेळी झाडावर आपटलेली पाहायचे. तू बाहेर यायचीस ती टोपीवर, भुवयांवर, दातांवर बर्फ घेऊन. "अगं आत काय शांत आहे!" मी म्हणायचे, "दिसतंय."

आता मागच्या ऑक्टोबरचं. इथून पुढे मी तुझ्यावर रागावलेली आहे, हे ध्यानात ठेव.

ऑक्टोबरमध्ये तू माझे बूट मागितलेस. "कडी सैल झालीय ना, दुकानात जातेच आहे, टाइट करून आणते." चार दिवसांनी आणून दिलेस. कडी होती तेवढीच सैल. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी आतलं अस्तर चाचपून पाहिलं, वास घेतला. कुणाला तरी घालायला दिले असणार. नंतर शाळेच्या जिममध्ये जुन्या स्कीचा बाजार भरला. दर वर्षी आपण दारं उघडायच्या आधी रांगेत असतो. तू फोन केलास, "मला बरं वाटत नाहीये, तू जाऊन ये." मी गेले, आणि परत येताना रूट नाइनवर, त्याच दुकानापुढे, तुझी निळी गाडी उभी.

मी गाडी थांबवली नाही. पुढे लाल दिव्यापाशी मेधा मला म्हणाली, "मॉम, दॅट्स नलूमावशीज कार. लेट्स गो इन!" मी म्हटलं, "उशीर होतोय."

मग दिवाळीच्या फराळाला तुझ्याकडे आले होते. तू म्हणालीस, "तळघरातून मोठा डबा आणतेस?" मग लगेच म्हणालीस, "नको नको, वसंतला सांगते." तोवर मी जिन्यावर होते. बॉयलरच्या मागे जोडी दिसली. नवी. एकशे सत्तर सेंटिमीटर. तू पाच फूट आठ इंच, तुला एकशे नव्वदच्या खाली चालत नाही. म्हणजे तुझी नाही. वर आले तर तू आणि वसंतराव हळू आवाजात बोलत होतात, आणि मला पाहून गप्प झालात. टेबलावर लिफ्टच्या सीझन पासचा फॉर्म कोरा पडला होता. "यंदा पास नाही घ्यायचा?" तू म्हणालीस, "बघू, यंदा एवढं जमेल असं वाटत नाही."

मी हिशेब मांडला आणि उत्तर काढलं रेवती. लेक्सिंग्टनला आलेली ती नवी डॉक्टर, माझ्याएवढीच बुटकी, कोलोरॅडोत चार वर्षं राहिलेली, तिथल्या बर्फाबद्दल डोळे मिटून बोलणारी. ती झाडांत जाते, हे तिनं दोनदा सांगितलं होतं. तुला सोबत मिळाली, आता मला खाली उभं करायची गरज राहिली नाही. चार वर्षं माझ्याबरोबर पट्ट्या लावून मोजलंस, आणि जोडी घेतलीस तिच्यासाठी, माझे बूट मापाला नेऊन. मेधाला मी हे सांगितलं, तर ती सीरियलच्या वाडग्यातून मान वर न करता म्हणाली, "यू कुड जस्ट आस्क हर, यू नो."

मी विचारलं नाही. पाच आठवडे फोन केला नाही. तू दोनदा केलास. पहिल्यांदा मी माधवला 'ती शॉवरमध्ये आहे' म्हणून सांगायला लावलं. दुसऱ्यांदा मीच उचलला.

"शरू, काय चाललंय?"

"कामात आहे जरा."

"रागावलीयेस का?"

"मी कशाला रागावू?"

तुला श्वास लागल्यासारखा वाटला, मला वाटलं जिना चढून आली असशील. "बरं. चांगला बर्फ पडला की ये. तुला एक गंमत दाखवायचीय."

"बघू," मी म्हटलं.

हा माझा तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द आहे. नऊ दिवसांनी सकाळी चहा गाळताना तू स्वयंपाकघरात पडलीस. वसंतराव वर दाढी करत होते. त्यांना भांडं पडल्याचा आवाज आला, एवढंच.

तेराव्या दिवशी तुमच्या दारात चपला-बुटांचा ढीग होता. सांगायला लाज वाटते, पण तुझ्यापासून आता काय लपवायचं. रेवतीही आली होती. ती आत तुझ्या फोटोला नमस्कार करत असताना मी दारात वाकून तिचा बूट उचलला आणि आतला नंबर पाहिला. साडेपाच. माझा सात. म्हणजे माझ्या बुटाच्या मापावर घेतलेली स्की तिच्या उपयोगाची नव्हती. तो बूट हातात घेऊन मी उभी, आणि जोगळेकर काका समोर. त्यांना वाटलं मला भोवळ आली. त्यांनी मला खुर्ची दिली.

लोक गेल्यावर वसंतरावांनी मला तळघरात नेलं. म्हणाले, "शरयू, ही जोडी घेऊन जा. तिनं नाव लिहिलेलं नाही, पण तुझीच असणार." मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी ते सांगितलं, जे सगळ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. तुझ्या हृदयाची झडप. ऑक्टोबरमध्ये कळलं होतं. चढउतार बंद, स्की बंद. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तीच म्हणाली, शरूला एवढ्यात नको. ती सर्जनला घेऊन बसेल, उलटतपासणी करेल, सगळं क्लिअर झाल्याशिवाय त्याला सोडणार नाही. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सांगू."

घेऊन बसले असतेच. नलू, उभ्या जन्मात माझ्या या स्वभावाचा कुणाला उपयोग झाला नाही. घरचे वैतागले, कारखान्यातले मागे हसले, दुकानदार मला पाहून मागच्या खोलीत गेले. एकदा, फक्त एकदा, त्याचा उपयोग झाला असता. मी विचारलं असतं जानेवारी का, डिसेंबर का नाही. मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं, तिसऱ्याकडे नेलं असतं. कदाचित सगळे तेच म्हणाले असते. निदान वसंतरावांचं तसं म्हणणं आहे. पण मला विचारू तरी द्यायचं होतंस. आणि तू मला काय दिलंस, तर एक रेवती. जिच्यावर मी पाच आठवडे सगळी शंका वाया घालवली.

हा राग जाईल असं मला वाटत नाही. तो असू दे. तुझ्यावर रागवायला काही कारण उरलं, तर तेवढा वेळ तू असल्यासारखी वाटतेस.

मग मी पिशवी फाडली आणि कागद वाचला. उंची, पाच फूट दोन. वय, बरोबर. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये, म्हणजे कडीचं निमित्त कशासाठी होतं ते कळलं. वजन, एकशे अठ्ठावन्न. पुढे तीन चौकटी असतात. पहिली, जपून हळू जाणारे. दुसरी, मधले. तिसरी, वेगानं जाणारे. मी आयुष्यभर पहिलीवर खूण केली. तू दुसरीवर केली होतीस. खाली सहीची जागा मोकळी, कारण सही ज्याची स्की त्यालाच करावी लागते.

आणि स्की? दोन्हीकडे चालणारी. अर्थातच.

एक शंका मला तेव्हापासून सोडत नाही, ती विनोदाची नाही. मी चार वर्षं तेवीस पौंड खोटं सांगितलं. त्यामुळे खटका सैल, त्यामुळे मी पडायचे, त्यामुळे तू चढून यायचीस आणि मला उचलायचीस. त्या छातीनं. मी वसंतरावांना विचारलं. ते म्हणाले, "छे गं, ते लहानपणच्या तापाचं दुखणं, तुझा काही संबंध नाही." फार पटकन म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील. मी ते उत्तर बाजूला ठेवलंय, नापास केलं नाही, पासही केलं नाही.

गेल्या शनिवारी मी दुकानात गेले. दाढीवाला तोच. त्यानं जोडी ओळखली, मग तुझ्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. तो बराच वेळ खटका पुसत राहिला. म्हणाला, "शी केम इन फाइव्ह टाइम्स. शी मेझर्ड एव्हरीथिंग. विथ अ रूलर." तू पट्टी नेली होतीस. माझ्याशिवाय, मी मोजते तसं मोजत होतीस. मग त्यानं नियमाप्रमाणे फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि मोठ्यानं विचारलं, "वेट स्टिल द सेम?" रांगेत मागे कोण आहे ते मी पाहिलं नाही. "वन फिफ्टी-एट," म्हटलं आणि सही केली. दुसरी चौकट तशीच राहू दिली.

काल व्हरमाँटला गेले. माधव म्हणाला सोबत येतो, मी नको म्हटलं. रेडिओवाला 'पॅक्ड पावडर' म्हणाला होता, सकाळी काच होती. आता आपल्या वादाचं. सपाट वाटेवर ही स्की कडा धरते, पण शेवटच्या क्षणी जरा घसरते. माझंच खरं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस की आधी झाडांत जाऊन ये आणि मग बोल. दुपारपर्यंत मी पाच वेळा खाली आले. एकदाही खटका सुटला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. मी खाली वाकून दोनदा तपासला, तो सैल झालाय असं वाटून.

मग तिसऱ्या लिफ्टनं वर गेले आणि डावीकडे वळून त्या तोंडाशी उभी राहिले. कुणी 'येतेस?' विचारलं नाही. मी बराच वेळ थांबले. मागून आलेली दोन माणसं मला वळसा घालून गेली. मग आत गेले.

शांत आहे, हे खरं. पहिली तीन वळणं बरी झाली. चौथ्याला स्की बर्फात रुतली आणि मी आडवी झाले, कमरेपर्यंत आत. खटका सुटला नाही, सुटायचं कारण नव्हतं. दोन्ही पाय स्कीला जखडलेले, काठी टेकवावी तर कोपरापर्यंत आत जाते. मी सवयीनं एक हात वर केला. हात तसाच राहिला.

तू शिकवलेलं आठवून दोन्ही स्की उताराला आडव्या केल्या. काठ्या बर्फावर फुलीसारख्या टाकल्या, फुलीच्या मधोमध हात ठेवला आणि म्हटलं, एक, दोन, ऊठ. नाही उठले. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आले आणि परत बसले. दंड थरथरायला लागले, तोंडात बर्फ गेला, डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिसऱ्यांदा उठले. एका बर्चला मिठी मारून उभी राहिले आणि श्वास परत येईना. तेव्हा मला कळलं, माझं वजन तुला कुणी सांगितलं ते.

नलू, मी फार जड आहे गं. तू कधी बोलली नाहीस.